जेवणापूर्वीचे पेय आणि भूक : एक आहारविषयक अभ्यास

विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खंधकात मगधातील अंधकविंद या गावची एक घटना आली आहे. नव्यानेच श्रद्धावान झालेल्या एका महामात्याने भगवान बुद्धांसह साडेबाराशे भिक्षूंच्या संघाला भोजनाचे निमंत्रण दिले आणि मोठी तयारी केली. त्याच दिवशी सकाळी गावकऱ्यांनी भिक्षूंना दाट यागू, म्हणजे घट्ट पेज, आणि मधाचे गोळे दिले. भिक्षूंनी ते पोटभर घेतले. पुढे भोजनाच्या वेळी ते "थोडेच वाढा" असे सांगू लागले. आपण नवखे उपासक आहोत म्हणून हे संकोचाने कमी घेत असावेत, असे महामात्याला वाटले. खरे कारण कळल्यावर तो दुखावला गेला. हा प्रकार भगवंतांच्या कानी गेला आणि नियम झाला, की एके ठिकाणचे भोजनाचे निमंत्रण स्वीकारल्यावर आधी दुसऱ्या ठिकाणची दाट पेज घेऊ नये.

या नियमामागे यजमानाचा मान राखण्याचा विचार आहे, हे उघड आहे. पण आहारशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जेवणापूर्वी घेतलेले पातळ किंवा अर्धपातळ अन्न पुढच्या जेवणाचे प्रमाण ठरवते, हे निरीक्षण तेथे स्पष्टपणे नोंदले गेले आहे. त्याच प्रकरणात यागूचे दहा गुण सांगितले आहेत आणि भूक शमवणे हा त्यांपैकी एक आहे. म्हणजे एकाच पेजेचा गुण आणि तिच्यामुळे उद्भवलेली अडचण ही दोन्ही एकाच ठिकाणी आढळतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा आजच्या शास्त्राच्या आधारे विचार करावयाचा आहे. जेवणाआधी घेतलेले प्रथिनयुक्त पेय आणि कर्बोदकयुक्त पेय भुकेवर कसा परिणाम करतात, आणि नंदुरबार जिल्ह्यातील निवासी शाळांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, हे पाहू. सोयीसाठी अशा पेयाला आपण 'पूर्वपेय' म्हणू.

भूक कशी जागते, कशी निवते

भूक ही केवळ पोट रिकामे असल्याची जाणीव नव्हे. ती जठर, आतडे, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये सतत चालणाऱ्या संदेशांच्या देवाणघेवाणीतून घडते. जठर रिकामे झाले की त्याच्या अस्तरातील पेशी घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ साली त्याचा शोध लावला. जेवणापूर्वी घ्रेलिनचे प्रमाण वाढते आणि जेवणानंतर उतरते. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला त्याचा संदेश मिळतो आणि आपल्याला भूक लागते.

भूक निवविणारे संदेश अनेक आहेत. जठर ताणले गेले की त्याची वार्ता मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जाते. म्हणून नुसते पाणी प्यायल्यानेही काही काळ पोट भरल्यासारखे वाटते. अन्न लहान आतड्यात उतरले की त्यातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांच्यामुळे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. ते जठराचे रिकामे होणे मंदावते आणि तृप्तीची भावना निर्माण करते. या संप्रेरकामुळे उंदीर कमी खातात, हे १९७३ साली प्रयोगाने दाखवून देण्यात आले. आतड्याच्या आणखी खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके येतात. त्यांचाही परिणाम तृप्तीच्याच दिशेने होतो.

प्रथिने आणि कर्बोदके या दोहोंच्या प्रत्येक ग्रॅमपासून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. ऊर्जेचा हिशेब सारखाच असला, तरी दोघांचा शरीरातील प्रवास वेगळा आहे. साखरेचे पाणी जठरात फार काळ थांबत नाही. ते आतड्यात उतरते, त्यातील साखर रक्तात जाते आणि इन्सुलिन स्रवून ती पुन्हा उतरू लागते. दुधातील केसीन हे प्रथिन मात्र जठरातील आम्लात गोठते आणि हळूहळू पुढे सरकते. प्रथिनांच्या पचनातून तयार होणारे घटक तृप्तीच्या संप्रेरकांना अधिक काळ चेतवीत राहतात. म्हणूनच एकाच ऊर्जेची दोन पेये भुकेच्या दृष्टीने एकसारखी ठरत नाहीत.

प्रयोगांनी काय दाखवले

हा फरक मोजण्याची पद्धत साधी आहे. व्यक्तीला ठरावीक ऊर्जेचे पेय द्यावयाचे, ठरावीक वेळ थांबावयाचे आणि मग मनसोक्त जेवू देऊन तिने किती खाल्ले ते मोजावयाचे. तीच व्यक्ती निरनिराळ्या दिवशी निरनिराळी पेये घेते, त्यामुळे तिची तुलना तिच्याशीच होते. भुकेची जाणीव मोजण्यासाठी १०० मिलिमीटर लांबीची एक रेघ दिली जाते. तिच्या एका टोकाला 'मुळीच भूक नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'अत्यंत भूक' असे लिहिलेले असते. व्यक्तीने स्वतःला वाटेल तेथे खूण करावयाची.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ साली अतिवजनी पुरुषांवर केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. त्यांनी सारख्याच ऊर्जेची चार पेये घेतली. दोन पेयांत दुधातील प्रथिने होती, एकात व्हे आणि दुसऱ्यात केसीन. उरलेल्या दोहोंत कर्बोदके होती, एकात दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज आणि दुसऱ्यात ग्लुकोज. तीन तासांनी जेवण दिले, तेव्हा ग्लुकोजचे पेय घेतलेल्या दिवशी त्या पुरुषांनी अधिक खाल्ले आणि प्रथिनांच्या पेयांनंतर कमी खाल्ले. लॅक्टोजच्या पेयानंतरही खाणे ग्लुकोजपेक्षा कमीच राहिले. यावरून दोन गोष्टी कळतात. प्रथिनांची तृप्ती अधिक टिकते, ही पहिली. सर्व कर्बोदके एका मापाने मोजता येत नाहीत, ही दुसरी.

वेळेचे महत्त्वही ध्यानात घेतले पाहिजे. साखरेचे पेय भूक मुळीच कमी करीत नाही, असा समज चुकीचा ठरेल. ते प्यायल्यानंतर सुमारे तासाभरात जेवण आले, तर खाणे कमी होते. अंतर वाढले की तो परिणाम ओसरतो. प्रथिनांचा परिणाम मात्र त्यानंतरही जाणवत राहतो.

अन्न प्यावयाचे की चावावयाचे, यानेही फरक पडतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ व्यक्तींना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरी साखर गोळ्यांच्या रूपात आणि आणखी चार आठवडे तितकीच साखर शीतपेयाच्या रूपात देण्यात आली. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी इतर खाणे आपोआप तेवढ्या प्रमाणात कमी केले. शीतपेय घेतले तेव्हा मात्र इतर खाणे कमी झाले नाही आणि ती ऊर्जा रोजच्या आहारावर वरची भर ठरली. प्यायलेल्या साखरेची नोंद शरीर दीर्घकाळात नीट ठेवत नाही, असा याचा अर्थ.

लहान मुलांच्या बाबतीत चित्र आणखी वेगळे आहे. लिॲन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात दाखवून दिले, की शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुले जेवणापूर्वी दिलेल्या खाऊतील ऊर्जेची भरपाई प्रौढांपेक्षा अधिक नेमकेपणाने करतात. आधी अधिक ऊर्जेचा खाऊ मिळाला, तर जेवणात ती तितके कमी खातात. मुलाची भूक प्रामाणिक असते, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणण्याला येथे आधार मिळतो. परंतु या प्रामाणिकपणात एक धोकाही आहे आणि तोच आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

कोणाची भूक?

वर सांगितलेले प्रौढांवरील बहुतेक संशोधन ज्या समाजांत झाले, तेथे प्रश्न अति खाण्याचा होता. म्हणून 'भूक कमी झाली' हे तेथे यश मानले गेले. अतिवजन असलेल्या किंवा मधुमेहाकडे झुकलेल्या प्रौढासाठी ते यशच आहे. जेवणापूर्वी थोडे प्रथिन घेतल्यास जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते, हेही सिद्ध झाले आहे. वैद्यकीय सल्ल्याने अशा व्यक्तीने जेवणाआधी साखरेविना ताक किंवा मोड आलेल्या कडधान्याची वाटीभर उसळ घेणे हिताचे ठरू शकते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी आणि अक्कलकुवा, पायथ्याचे तळोदा आणि शहादा, तसेच नंदुरबार आणि नवापूर अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रश्न उलटा आहे. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. हीच बालके पुढे निवासी शाळांच्या आणि वसतिगृहांच्या पंगतीत येऊन बसतात. त्यांच्यासाठी 'भूक कमी झाली' ही चिंतेची बाब आहे. एकाच शास्त्रीय सत्याचा उपयोग एकासाठी औषध आणि दुसऱ्यासाठी अपाय ठरतो, तो असा. म्हणून पूर्वपेयाचा विचार करताना ते कोणते, या प्रश्नाआधी ते कोणासाठी, हा प्रश्न विचारला पाहिजे.

आजारी बालकाची भूक

भुकेचे मोल किती आहे, हे तीव्र कुपोषित बालकाच्या उपचारातून कळते. अशा बालकाची तपासणी करताना वजन आणि दंडाचा घेर यांच्याबरोबर 'भूक चाचणी' घेतली जाते. शांत जागी आईच्या मांडीवर बसवून बालकाला ऊर्जायुक्त उपचारात्मक आहार दिला जातो आणि ते तो आपणहून किती खाते हे पाहिले जाते. ठरलेले किमान प्रमाण खाल्ले नाही, तर बालकाला रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. कारण तीव्र कुपोषणात भूक मरणे हे शरीराच्या आतील बिघाडाचे लक्षण असते.

दाखल झाल्यावर सुरुवातीला दिले जाणारे अन्न हे पेयच असते. त्यास एफ-७५ म्हणतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी ऊर्जा आणि अवघे ०.९ ग्रॅम प्रथिन असते. कुपोषिताला प्रथिन भरपूर द्यावे, असे आपल्याला सहज वाटते. पण त्या अवस्थेत यकृत आणि मूत्रपिंडे अधिक प्रथिनाचा भार पेलू शकत नाहीत. बालकाची प्रकृती स्थिरावली आणि भूक परत आली, की एफ-१०० हे दुसरे पेय सुरू होते. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये १०० किलोकॅलरी आणि २.९ ग्रॅम प्रथिन असते. म्हणजे प्रथिन वाढविण्याची अनुमती बालकाची भूकच देते. घरी बाजारातील प्रथिनांची भुकटी आणून अशा बालकाला पाजणे किती घातक ठरू शकते, हे यावरून लक्षात यावे. बालक खाईनासे झाले, अंगावर सूज आली किंवा मरगळ दिसली, तर अंगणवाडी ताई किंवा आशा ताई यांना तत्काळ कळवून दवाखाना गाठणे हाच मार्ग होय.

पातळ पेजेचा पेच

आपल्याकडे लहान मुलांना ज्वारीच्या, मक्याच्या किंवा तांदळाच्या कण्यांची पेज देण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे. मात्र तिच्यात एक पेच आहे. पीठ शिजले की पाणी शोषून फुगते. पेज घट्ट केली तर बालकाला गिळता येत नाही आणि पातळ केली तर त्याच्या लहानशा जठरात पाणीच अधिक जाते. जठर ताणले जाते, भूक निवते आणि ऊर्जा मात्र थोडीच मिळते. पोट भरलेले मूल कुपोषित राहते, यामागचे हे एक कारण आहे.

या पेचावरचा उपाय आपल्या शेजारच्या बडोद्यात अभ्यासला गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की मोड आणून, वाळवून दळलेल्या धान्याचे थोडेसे पीठ घट्ट पेजेत मिसळले तर ती पातळ होते. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टमय पदार्थाचे तुकडे करते. त्यामुळे पाणी न वाढवता पेज पिण्याजोगी होते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक ऊर्जा मावते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्या हेच करीत आल्या आहेत. त्या पेजेत भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट किंवा डाळीचे पीठ घातले, की प्रथिनांचीही सोय होते.

धान्य आणि डाळ यांची जोडी खानदेशाला नवी नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हे तिचे उत्तम उदाहरण आहे. ज्वारीत लायसिन हे अमायनो आम्ल कमी असते आणि उडदात ते पुरेसे असते. दोघांच्या संगतीने प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

पंगतीतील हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सुचविलेल्या प्रमाणानुसार १० ते १२ वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज सुमारे ३२ ते ३३ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. १३ ते १५ या वयात ती मुलांसाठी ४५ आणि मुलींसाठी ४३ ग्रॅमच्या आसपास जाते. आता एक साधा हिशेब मांडू.

एका विद्यार्थ्याने दुपारच्या जेवणाच्या अर्धा तास आधी २०० मिलिलिटर गोड सरबत किंवा रंगीत शीतपेय घेतले. त्यात सुमारे २० ग्रॅम साखर, म्हणजे ८० किलोकॅलरी ऊर्जा आहे आणि प्रथिन शून्य आहे. जेवताना त्याची भूक तेवढी मंदावली आणि ताटातील वाटीभर वरण उरले. ते वरण ३० ग्रॅम तूरडाळीचे असेल, तर त्यात सुमारे १०० किलोकॅलरी ऊर्जा आणि साडेसहा ग्रॅम प्रथिन होते. ऊर्जेचा तोटा फारसा झाला नाही. प्रथिनाचा तोटा मात्र त्या वयाच्या दिवसभराच्या गरजेच्या एकपंचमांश इतका झाला. मुलाला भूक लागली नाही, म्हणून त्याची तक्रारही नाही. हा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही, हेच त्याचे खरे गांभीर्य आहे.

शासनाच्या पोषण आहार योजनेत प्राथमिक वर्गांसाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिन, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिन असे प्रमाण ठरलेले आहे. ही मोजदाद ताटात वाढलेल्या अन्नाची असते. पोटात किती गेले, हे भूक ठरवते. म्हणून भुकेची वेळ सांभाळणे हे निवासी शाळेच्या स्वयंपाकघराइतकेच तिच्या वेळापत्रकाचेही काम आहे.

या दृष्टीने पुढील गोष्टी पाळता येतील. जेवणाच्या आधीच्या दीड-दोन तासांत गोड चहा, सरबत, बिस्किटे आणि पाकिटबंद खाऊ टाळावा. तहान लागल्यास पाणी द्यावे, पण पंगतीला बसताना तांब्याभर पाणी पिण्याची सवय लागू देऊ नये. दूध द्यावयाचे असल्यास ते न्याहारीसोबत किंवा झोपण्यापूर्वी द्यावे. २०० मिलिलिटर दुधात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते. तो आहाराचाच भाग आहे आणि त्याने जेवणाची जागा घेऊ नये. चहा जेवणालगत नसावा, कारण त्यातील घटक अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. पंगतीत वरण किंवा उसळ आधी वाढावी, म्हणजे भूक ताजी असताना प्रथिन पोटात जाईल. सायंकाळच्या खेळानंतर आणि जेवणाला अवकाश असताना मात्र भाजलेले फुटाणे-शेंगदाणे किंवा फुटाण्याचे पीठ घातलेले ताक हा उत्तम खाऊ आहे.

जाहिरातींच्या संदर्भातही सावध असावे. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणतीही व्याख्या नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या नावाच्या वर्गातून काढून टाकण्यास सांगितले. डब्यावरच्या चित्रापेक्षा त्याच्या मागील बाजूस छापलेला साखरेचा आणि प्रथिनाचा आकडा विद्यार्थ्यांनी वाचावयास शिकले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली एक छोटा अभ्यास करता येईल. त्यात केवळ निरोगी आणि स्वेच्छेने तयार असलेल्या विद्यार्थ्यांनीच भाग घ्यावा. कोणाचेही जेवण कमी करू नये. तीन निरनिराळ्या दिवशी, जेवणाच्या पाऊण तास आधी, तीन पेये घ्यावीत. पहिल्या दिवशी २०० मिलिलिटर पाणी, दुसऱ्या दिवशी २० ग्रॅम साखरेचे तितकेच सरबत आणि तिसऱ्या दिवशी २० ग्रॅम फुटाण्याचे पीठ घातलेले तितकेच ताक. शेवटच्या दोन पेयांची ऊर्जा साधारण जवळपासची आहे. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी भुकेच्या रेघेवर खूण करावी. किती भाकरी, किती वाट्या वरण आणि किती भाजी घेतली, ते वहीत लिहावे. तिन्ही दिवशी जेवणातील पदार्थ शक्यतो तेच असावेत.

निष्कर्ष काढताना घाई करू नये. एका विद्यार्थ्याच्या तीन दिवसांच्या नोंदींवरून नियम ठरत नाही. वर्गातील सर्वांच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढावी आणि ज्यांचे निकाल वेगळे आले त्यांचाही विचार करावा. ऐकले म्हणून न मानता स्वतः तपासून स्वीकारावे, ही शिकवण आपल्या परंपरेतच आहे.

समारोप

संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. तो द्रोणभर भात खात असे आणि जेवणानंतर धापा टाकत असे. भगवंतांनी त्याला मात्रा जाणून खाण्याचा उपदेश केला. सुदस्सन नावाचा तरुण राजाच्या भोजनसमयी त्या उपदेशाची आठवण करून देऊ लागला, आणि राजाचा आहार हळूहळू कमी होऊन त्याचे शरीर हलके झाले. भोजनातील ही मात्रज्ञता सामान्यतः कमी खाण्याशी जोडली जाते. परंतु मात्रा जाणणे म्हणजे ज्याची त्याची गरज जाणणे. पसेनदीला त्यासाठी द्रोणातून भात कमी करावा लागला. सातपुड्यातील पाड्यावरून आलेल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी मात्रा जाणणे म्हणजे तिची भूक पंगतीपर्यंत शाबूत राखणे आणि तिच्या वाटीतील वरण तिच्या पोटात जाईल असे पाहणे होय. ही जबाबदारी शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी ताई आणि पालक या सर्वांची आहे, आणि तिचा प्रारंभ जेवणापूर्वीच्या त्या एका पेल्यापासून करता येईल.